आईचा पंप आणि त्रिज्येचा चौथा घात

"मला काही त्रास नाही, मग डॉक्टरकडे कशाला?" दम्याच्या तपासणीची तारीख आली की आईचं हे वाक्य ठरलेलं. परवाही तेच झालं. तरी तिला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खणातून पीक फ्लो मीटर काढलं. वीतभर प्लॅस्टिकची नळी, वर आकडे आणि सरकणारा काटा. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा धरायचा. आईचा आला २५०, म्हणजे मिनिटाला २५० लीटर या वेगाने हवा बाहेर पडली. तिचा आजवरचा सर्वांत चांगला आकडा ३४०. म्हणजे ती ७४ टक्क्यांवर होती, आणि ८०च्या खाली गेलं की सावध व्हायचं असतं.

"पर्वती चढता का अजून?" डॉक्टरांनी विचारलं.

"चढते की. मध्ये दोनदा बसते, गुडघ्यांमुळे."

गुडघे नव्हते ते. श्वासनलिका हळूहळू आकसत गेल्या आणि तिने नकळत चाल मंद केली. म्हणूनच बरं वाटत असतानाही तपासणी लागते.

नळी जराशी आकसली तर एवढं काय बिघडतं? इथलं गणित मला फार आवडतं. प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने १८४०च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजमापं घेतली. संथ प्रवाहात नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, असं त्याला आढळलं. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा १६ पट! नुसती १० टक्के कमी झाली, तर ०.९ चार वेळा गुणून पाहा: ०.६६. तेवढ्याच जोराने तिसरा हिस्सा हवा कमी.

चौथा घात येतो कुठून? दोन घात तोंडाच्या क्षेत्रफळाचे, ते शाळेत शिकलोच. उरलेले दोन वेगाचे. भिंतीला चिकटलेला हवेचा थर जागचा हलत नाही, त्याच्या शेजारचा हळू सरकतो, मधोमध वेग सर्वांत जास्त. नळी अरुंद झाली की मधली हवाही भिंतीच्या जवळ येते आणि तिचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. जागाही कमी, वेगही कमी, दोन्हींचा गुणाकार. मोठ्या नळ्यांत हवा भोवरे घेत जाते, तिथे हा नियम जसाच्या तसा लागत नाही, पण अरुंदपणाचा फटका तिथेही असाच जबर बसतो.

हेच गणित उलटही चालतं. डॉक्टरांनी झटपट आराम देणाऱ्या पंपाचे फवारे दिले, १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं: ३१०. नळीभोवतीचे स्नायू सैल पडले होते. आतल्या अस्तराची सूज मात्र अशी उतरत नाही, त्यासाठी रोजचा स्टेरॉइडचा पंप हवा. "पंपाची सवय लागते" हे मी लग्नकार्यात, रिक्षात, सगळीकडे ऐकते. सवय लागत नाही. स्टेरॉइडची मात्रा पाहा: पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम, तीव्र झटक्यात गोळीने दिवसाला ४० मिलिग्रॅम द्यावे लागतात, म्हणजे २०० पट.

कोजागिरीच्या रात्री दुधातून दम्याचं औषध घ्यायला माणसं रांगा लावतात, त्याची मला खरोखर काळजी वाटते. दमा मुळातच चढउताराचा. उतार आला की श्रेय त्या दुधाला जातं आणि रोजचा पंप बंद होतो. आत सूज वाढत राहते.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता तुमचा पंप माझ्यासमोर ओढा." आईने आधी दाबला, मग श्वास घेतला. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा धुरकट फवारा बाहेर येताना मी पाहिला. वर्षभर औषधाचा मोठा भाग असाच हवेत जात होता. आता स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिलाय: फवारा त्यात मारायचा, सावकाश ओढायचा, १० सेकंद श्वास धरायचा, नंतर चूळ भरायची. फ्रीजवर वही लटकवली आहे, सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायला. दम्यात पहाटे नळ्या जास्त आकसतात, म्हणून सकाळचा आकडा कमी येतो. आज सकाळी २९०, संध्याकाळी ३२०. दोन्हींतलं अंतर कमी होतंय का, ते डॉक्टर पुढच्या महिन्यात बघणार आहेत.