बालवाडीच्या शिक्षिकांना ग्रॅच्युइटी मिळत नाही, हे खरे नाही

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार मालकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम, कारखान्यातील कामगारांसाठी असते, बालवाडीच्या बाईंसाठी नाही, असा समज लातूर, परभणी, नांदेडकडे वर्षानुवर्षे पसरत आला आहे. तो निराधार नव्हता, कारण १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातील व्याख्येत शिक्षक बसत नाहीत, असा न्यायनिर्णय एके काळी झाला होता. मात्र २००९ मध्ये ती व्याख्या दुरुस्त झाली आणि दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली गेली.

खाजगी बालवाडी चालवणाऱ्या संस्थेत दहा किंवा अधिक माणसे कामाला असावीत आणि शिक्षिकेची सेवा सलग पाच वर्षांची असावी, एवढ्याच मुख्य अटी आहेत. या दहांत मदतनीस, शिपाई, कारकूनही मोजले जातात, आणि नेमके हेच बहुधा नजरेआड होते. सेवेत असताना मृत्यू झाल्यास पाच वर्षांची अट राहत नाही.

हिशेब घरीच करता येतो. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ७,८०० रुपये असल्यास त्याला २६ ने भागून १५ ने गुणावे. वर्षाला ४,५०० रुपये, म्हणजे आठ वर्षांचे ३६,००० रुपये होतात. नेमणूकपत्र, हजेरीच्या नोंदी आणि पगार जमा झालेले पासबुक जपून ठेवावे व जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी विचारणा करावी.