समुद्री स्पंजची शेती करायचीय? आधी परवानग्यांचं बघून घ्या

अधूनमधून कोणीतरी विचारतंच की औषधी स्पंजच्या (खडकाला चिकटून वाढणारा समुद्री प्राणी, काहींमधल्या रसायनांवरून औषधं सुचली) शेतीला योजना आहे का, सबसिडी किती, फॉर्म कुठे मिळतो. सरळ सांगतो, स्पंजच्या नावाची योजना नाहीये. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत समुद्री शेवाळ आहे, शिंपले-कालवं आहेत, पिंजऱ्यातले मासे आहेत, स्पंज नाही. त्यामुळे सबसिडी राहू दे बाजूला, परवानग्यांचं बघू, कारण गाडी तिथेच अडकते.

गंमत अशी आहे की दोरीला स्पंज वाढवणं हा त्यातला सोपा भाग. तुकडा कापून बांधला की तो परत वाढतो, कलमासारखंच. कायद्याला खरा रस आहे तो पहिला तुकडा तुम्ही समुद्रातून कुठून काढलात आणि त्याचं पुढे काय करणार यात.

पहिला कायदा म्हणजे जैवविविधता कायदा, २००२ चा, २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. यात तुम्ही कोण आहात यावर सगळं ठरतं. भारतीय नागरिक आहात आणि इथेच नुसतं संशोधन करताय, तर या कायद्याखाली परवानगी लागत नाही. धंद्यासाठी करताय तर राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं, आपलं महाराष्ट्राचं मंडळ नागपूरला आहे, गोव्याचं वेगळं. आणि एनआरआय असाल, परदेशी नागरिक असाल किंवा कंपनी इथे रजिस्टर असूनही तिचा ताबा परदेशी माणसाकडे असेल, तर नागपूर नाही, थेट चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमंजुरी, आणि ती नुसत्या संशोधनालाही लागते. अमेरिकेतला चुलतभाऊ पैसे घालतोय म्हणून कंपनी त्याच्या नावावर करणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा. संशोधनाचे निष्कर्ष बाहेरच्या लॅबला द्यायचे असले तरी चेन्नईच.

मालवण-देवगडकडचा मच्छीमार स्वतः आपल्या भागात वाढवत असेल तर त्याला ही आधी कळवायची अट नाही, स्थानिक लोक आणि जोपासना करणारे यांना कायद्यातच सूट आहे. पण त्याच्याकडून माल घेणाऱ्या कंपनीला सूट नाही. शिवाय "लागवडीचं असलं की सगळं माफ" असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते लागवडीच्या औषधी वनस्पतींबद्दल आहे, आणि स्पंज हा प्राणी आहे, दिसतो झाडासारखा म्हणून काय झालं.

दुसरा कायदा वन्यजीव संरक्षण, १९७२. चुनखडीचा सांगाडा असलेले सगळे स्पंज २००१ साली शेड्यूल तीनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या एका यादीत, घातले गेले, २०२२ च्या दुरुस्तीत शेड्यूलच नव्याने मांडलेत, म्हणून जुनी पीडीएफ बघू नका, आजची यादी काढा. ओहोटीला खडपावर नारंगी-जांभळा थर दिसतो तो कुठल्या गटातला हे डोळ्यांनी कळत नाही. लॅबमध्ये छोट्या तुकड्यावर ॲसिडचा थेंब टाकतात, सांगाड्याच्या सुया फसफसल्या तर चुनखडीचा, नाही फसफसल्या तर बहुतेक सिलिकाचा. औषधांसाठी ज्यांचं नाव होतं ते बहुतेक दुसऱ्या गटातले. पण हा प्रयोग करायला आधी तुकडा तोडावा लागतो, म्हणून ओळख पटवायचं काम एखाद्या संस्थेमार्फतच करा. गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणचं केंद्र आहे. आणि मालवण सागरी अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच काढायचं नाही.

तिसरं म्हणजे पाण्यातली जागा. पाणी तुमच्या सातबाऱ्यावर नसतं हे आधी डोक्यात बसवा. २००५ चा किनारी मत्स्यशेतीचा कायदा पूर्वी मुख्यतः कोळंबीच्या तळ्यांपुरता होता, २०२३ ला त्यात पिंजरे, शेवाळ, शिंपले वगैरे आले. नोंदणी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीमार्फत होते. सुरुवात मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या ऑफिसात करा, आणि स्पंजला ही नोंदणी लागते का हे तोंडी विचारू नका, अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या, पोच नक्की घ्या. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नकाशात तुमची जागा प्रवाळाच्या पट्ट्यात येते का तेही विचारून घ्या.

कागद साधारण हे लागतील: आधार, पॅन, संस्था किंवा कंपनीची नोंदणी, जागेचे अक्षांश-रेखांश आणि नकाशा, स्पंजचं शास्त्रीय नाव आणि संस्थेने ओळख पटवल्याचं पत्र, किती किलो, कुठून, किती काळ, कशासाठी, खरेदीदार ठरला असेल तर करार. मच्छीमार सोसायटीचं ना-हरकत आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी झालेल्या बैठकीचं इतिवृत्त सोबत लावा, या समितीला आपल्या हद्दीतून धंद्यासाठी गोळा केलेल्या मालावर शुल्क लावायचा अधिकार आहे, नंतर भांडण नको. ओळखीतल्या एकाचा फॉर्म मी बघितला होता, प्राण्याच्या जातीच्या रकान्यात नुसतं "स्पंज" आणि प्रमाणात "आवश्यकतेनुसार". परत आला, येणारच.

पैशाचं म्हणाल तर जैवविविधता कायद्याखालच्या २०२५ च्या नियमावलीत ५ कोटींपर्यंत उलाढालीवर लाभवाटप (धंद्यातून द्यायचा वाटा) शून्य आहे, त्यापुढे ५० कोटींपर्यंत ०.२ टक्के. मंडळाला न कळवता केलं तर दंड १ लाखापासून ५० लाखांपर्यंत. पेटंट घ्यायचं असेल तर ते मिळण्याआधी चेन्नईला नोंदणी वेगळी.

आता माझं मत, फुकट आहे म्हणून ऐका. कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजवरून रक्ताच्या कॅन्सरचं सायटाराबिन सुचलं, १९६९ ला अमेरिकेत मंजूर झालं, पण गोळा केलेल्या स्पंजमधून ते बनत नाही, कारखान्यात बनतं. न्यूझीलंडला १ टन स्पंज काढून हॅलिकॉन्ड्रिन बी हे कॅन्सरविरोधी रसायन मिळालं ३०० मिलीग्रॅमच्या आसपास, म्हणून तिथे शेतीचे प्रयोगही झाले, आणि शेवटी त्याच्यावरूनच बेतलेलं, २०१० ला मंजूर झालेलं एरिब्युलिन हे औषध रसायनशास्त्रज्ञांनी पूर्णपणे प्रयोगशाळेतच घडवलं. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक औषध कंपनी नसून बहुतेक एखादी संशोधन संस्था असणार, तिला टन नाही, थोडे किलोच लागणार. तिचं पत्र हातात आल्याशिवाय कर्ज काढू नका. आणि जूनमध्ये समुद्र खवळला की दोऱ्या काही टिकत नाहीत, तेव्हा अर्ज पावसाळ्याआधीच टाका म्हणजे ऑक्टोबरात पाण्यात उतरायची निदान आशा तरी.