वाऱ्याकडे पाठ फिरवणारे फूल

१५ एप्रिल १८०२ रोजी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये अल्सवॉटर सरोवराच्या काठाने चालताना डोरोथी वर्ड्‌स्वर्थ आणि तिचा कवी भाऊ विल्यम यांना रानटी डॅफोडिलचा लांबच लांब पट्टा दिसला. वारा जोराचा होता आणि फुले नाचत होती, असे डोरोथीने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. हे नाचणे कविकल्पना म्हणून सोडून देता येईल. पण फुलाचा दांडा जवळून पाहिला, की त्यामागची रचना कळते.

दांडा नळीसारखा गोल नसून चपटसर, दोन कडांचा असतो. कळी सरळ आभाळाकडे तोंड करून वर येते आणि उमलण्याच्या सुमारास मानेशी वाकते, त्यामुळे उमललेले फूल आडवे राहते. अशा चपट्या दांड्याला वाकण्यापेक्षा पीळ पडणे सोपे जाते. म्हणून वारा सुटताच एका बाजूला झुकलेले फूल वातकुक्कुटासारखे फिरते आणि वाऱ्याकडे पाठ करते. तशा स्थितीत त्याच्यावरचा रेटा कमी होतो व दांडा मोडत नाही. झोत ओसरला की पीळ उलगडतो, पुन्हा आला की पुन्हा बसतो.

रानटी जात बागेतल्या डॅफोडिलपेक्षा ठेंगणी असते. तिच्या पाकळ्या फिक्या पिवळ्या आणि मधला कर्णा गडद पिवळा असतो. यॉर्कशायरमधील फार्नडेल खोऱ्यात डव्ह नदीच्या काठी आणि ग्लॉस्टरशायरमधील डिमॉकच्या परिसरात ती आजही भरभरून फुलते. डिमॉकवरून जाणारा लेडबरी-ग्लॉस्टर रेल्वेमार्ग तर ‘डॅफोडिल लाइन’ म्हणूनच ओळखला जाई. १९५९ मध्ये त्यावरची प्रवासी वाहतूक बंद झाली.

मार्च-एप्रिलमध्ये हे फूल येते, तेव्हा त्याच्यावर सावली धरणाऱ्या ओक वृक्षांना अजून पालवी फुटायची असते आणि ऊन थेट जमिनीवर पोहोचते. तेवढ्या अवधीत पाने कंदात अन्न साठवतात आणि उन्हाळ्यात त्याच कंदात पुढच्या वर्षीच्या फुलाचा अंकुर तयार होतो. म्हणून फुले गेल्यावर उरलेली पाने तुडवली गेली, तर पुढच्या वसंतातला बहर रोडावतो. हा कंद दिसायला आपल्या कांद्यासारखा, आणि वनस्पतिशास्त्र दोघांना एकाच कुळात घालते. मात्र त्यातील लायकोरीन हे विषारी द्रव्य ओकाऱ्या आणते. बी मातेच्या आसपासच पडते आणि त्यापासून पहिले फूल येण्यास साधारण पाच ते सात वर्षे लागतात.