डीबीकॅश, प्रून आणि 600 सेकंद: बिटकॉइन नोडच्या सेटिंगची पार्श्वभूमी

लिनक्स सर्व्हरवर बिटकॉइन कोअर, म्हणजे बिटकॉइनचा नोड (नेटवर्कमधला एक संगणक) चालवणारे सॉफ्टवेअर, बसवताना चार प्रश्न हमखास येतात. डीबीकॅश (डेटाबेससाठी राखलेली रॅम) किती द्यायचा, प्रून करायचे (जुने ब्लॉक पुसायचे) का, टीएक्सइंडेक्स (सगळ्या व्यवहारांची सूची) लावायचा का आणि नोड बंद होताना सिस्टमडीने (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामने) किती थांबायचे? या चारही प्रश्नांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे: साखळीतल्या (ब्लॉकचेनमधल्या) नोंदी डिस्कवर कशा ठेवायच्या.

जानेवारी 2009 ची पहिली आवृत्ती फक्त विंडोजवर चालायची. लिनक्सवर नोड आला तो त्याच वर्षी डिसेंबरात, 0.2 मध्ये. तेव्हा सगळ्या व्यवहारांची सूची बर्कली डीबी या डेटाबेसमध्ये असे. साखळी फुगत गेली तशी ही सूची जड झाली. फेब्रुवारी 2013 च्या 0.8 ने ती काढून लेव्हलडीबी हा दुसरा डेटाबेस आणला आणि फक्त न खर्चलेल्या नाण्यांची नोंद 'चेनस्टेट' फोल्डरमध्ये ठेवली. संपूर्ण सूची तेव्हापासून ऐच्छिक आहे. आजचा टीएक्सइंडेक्स=1 म्हणजे तीच.

महिनाभरातच या बदलाने नेटवर्क दुभंगले. 11-12 मार्च 2013 ला ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) 225430 च्या वेळी बर्कली डीबीची लॉकची (नोंदींवर एका वेळी लावता येणाऱ्या कुलपांची) मर्यादा संपली. जुन्या नोडनी ब्लॉक नाकारला, 0.8 ने स्वीकारला आणि दोन साखळ्या समांतर वाढू लागल्या. मायनिंग पूल (मिळून नवे ब्लॉक बनवणारे गट) 0.7 वर परतले तेव्हा कुठे जुनी साखळी पुढे गेली. डेटाबेसची मर्यादा नकळत नेटवर्कचा नियम होऊन बसते, हा या प्रकल्पाने शिकलेला सर्वांत महागडा धडा, असे आमचे मत आहे.

पुढची पावले वेगाची आणि जागेची. 0.10 (2015) आधी प्रत्येक ब्लॉकचे 80 बाइटचे हेडर (मथळा) घेते आणि मग अनेक पीअरकडून (जोडलेल्या इतर नोडकडून) एकदम ब्लॉक उतरवते. पूर्वी एकच पीअर मंदावला तरी सगळे काम अडायचे. त्याच वर्षीच्या 0.11 मध्ये प्रून आले, किमान 550 एमबी. पण ही मर्यादा ब्लॉकच्या फाइलींपुरतीच आहे. चेनस्टेटला वेगळे 10 जीबीहून अधिक लागतात, त्यामुळे 10 जीबी डिस्कच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) प्रून=550 लावूनही डिस्क भरते. शिवाय प्रून आणि टीएक्सइंडेक्स एकत्र चालत नाहीत.

0.14 (2017) पासून एका ठरावीक ब्लॉकपर्यंतच्या व्यवहारांवरच्या डिजिटल सह्या तपासल्या जात नाहीत, बाकी सगळे नियम तपासले जातात. सीपीयूचा भार उतरल्यावर अडचण उरली ती चेनस्टेटमधल्या विखुरलेल्या वाचन-लेखनाची. म्हणून एसएसडी, आणि म्हणूनच डीबीकॅश. अनेक वर्षे तो मुळात 450 एमबी होता. 8 जीबी रॅमवर पहिल्या सिंकपुरता (सगळी साखळी उतरेपर्यंत) 4000 एमबी द्यावा, नंतर सेटिंगमधली ती ओळ काढून टाकावी. जास्त दिला तर कर्नलचा ओओएम किलर (रॅम संपल्यावर जागा होणारा) प्रोसेस मारतो, डिस्कवर न उतरलेले काम वाया जाते आणि नोड शेवटच्या जतन केलेल्या ठिकाणापासून पुन्हा सुरू होतो.

बंद करतानाही हाच कॅश डिस्कवर उतरवावा लागतो. सिस्टमडी सहसा 90 सेकंदांनी प्रोसेस मारून टाकतो. प्रकल्पासोबत येणाऱ्या सर्व्हिस फाइलमध्ये टाइमआउटस्टॉपसेक (बंद होण्यासाठी थांबायचे सेकंद) 600 आहे ते यासाठीच. स्वतः युनिट (सर्व्हिस फाइल) लिहिताना नेमकी हीच ओळ राहून जाते. चेनस्टेट बिघडला तर पूर्ण नोडवर घरचेच ब्लॉक वापरून रीइंडेक्स करता येतो (पुन्हा बांधता येतो). प्रून नोडवर मात्र जुने ब्लॉकच नसतात, त्यामुळे सगळी साखळी पुन्हा उतरवावी लागते.