राजनिष्ठेची शपथ आणि इंग्लंडचे कॅथलिक

इंग्लंडमधल्या कॅथलिकविरोधी कायद्यांचा विषय निघाला की आधी दंडाचे आकडे येतात. १५५९ मध्ये रविवारी सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्च चुकवले तर एक शिलिंग, १५८१ पासून महिन्याला २० पौंड. मधल्या काळात, १५७० साली, पोपने राणी पहिल्या एलिझाबेथला बहिष्कृत करून प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळे केले होते. त्याची किंमत तिथल्या कॅथलिकांनी मोजली. १५८५ च्या कायद्यानुसार परदेशात दीक्षा घेतलेला पाद्री देशात सापडणे हाच राजद्रोह, त्याला आसरा देणाऱ्यालाही फाशी. यॉर्कमधल्या एका खाटकाच्या बायकोने कोर्टापुढे गुन्हा कबूल-नाकबूल काहीच सांगितले नाही, तेव्हा तिच्या अंगावर दार टाकून त्यावर वजने रचली आणि तिला चिरडून मारले. साल १५८६.

पण खरी मेख १६०६ च्या शपथेत आहे. काही कॅथलिकांनी रचलेला पार्लमेंट उडवण्याचा कट आदल्या नोव्हेंबरात उघड झाला होता. शपथेच्या सुरुवातीला राजा जेम्स कायदेशीर आहे असे होते, आणि ते म्हणायला बहुतेकांची ना नव्हती. पुढे मात्र, पोपने बहिष्कृत केलेल्या राजाला प्रजा पदच्युत करू किंवा मारू शकते, हे मत ‘अधर्मी आणि पाखंडी’ म्हणून मनापासून धिक्कारायचे होते. खुनाचा धिक्कार कोणीही केला असता. त्याच वाक्यात पदच्युतीही गुंडाळली होती, आणि पाखंड कशाला म्हणायचे ते चर्चऐवजी पार्लमेंट ठरवत होते. दुसऱ्यांदा नकार दिला की मालमत्ता जप्त आणि राजाच्या मर्जीपर्यंत तुरुंग. पोपने शपथ निषिद्ध ठरवली. इंग्लंडमधल्या कॅथलिक पाद्र्यांचा प्रमुख कैदेत होता, त्याने ती घेतली, इतरांनाही घ्यायला सांगितले, आणि १६०८ मध्ये त्याचे पद गेले. बंडखोर वेगळे काढण्यासाठी शपथ, असे दरबार म्हणे. फूट पडली ती निष्ठावंतांतच.

गंमत अशी की इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या लग्नाच्या १६६१ च्या तहात, ज्याने मुंबई इंग्रजांना मिळाली, मुंबईच्या रहिवाशांना कॅथलिक धर्म पाळायची लेखी हमी मिळाली. खुद्द लंडनच्या कॅथलिकांना तशी हमी नव्हती.

अमेरिकेतल्या युद्धाला सैनिक हवे होते म्हणून १७७८ मध्ये कॅथलिकांवरचे काही निर्बंध सैल झाले. १७८० च्या जूनमध्ये त्याविरुद्ध लंडन पेटले. १७८९ च्या शपथेच्या नव्या मसुद्यात पुन्हा तोच ‘पाखंडी’ शब्द आला आणि कॅथलिक बिशपांनी तो फेटाळला. १७९१ च्या कायद्यात अखेर आयर्लंडमधल्या शपथेचा मजकूर घेतला, तेव्हा कुठे उघडपणे मास (कॅथलिकांची मुख्य उपासना) म्हणता आला. पार्लमेंटचे दार कॅथलिकांना १८२९ मध्ये उघडले. २०१३ च्या दुरुस्तीने गादीच्या वारसाला कॅथलिक जोडीदार चालतो. स्वतः कॅथलिक असलेल्याला गादी आजही नाही.