शक्ती-वजन गुणोत्तर : वेगवान हायब्रिड आलिशान सेडान

शक्ती-वजन गुणोत्तर म्हणजे वाहनाच्या कमाल शक्तीला त्याच्या वजनाने भागल्यावर येणारा आकडा. मोटारगाड्यांच्या बाबतीत तो बहुधा दर टनामागे किती अश्वशक्ती, असा सांगतात. या नोंदीतील अश्वशक्ती युरोपात चालणारी, ७३५.५ वॅटची मेट्रिक अश्वशक्ती आहे. नुसत्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत हे गणित सरळ असते : इंजिन जोरकस करा, नाहीतर गाडी हलकी करा. इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आली, की शक्ती आणि वजन दोन्ही एकाच सामानातून वाढू लागतात. मग त्या सामानाने स्वतःचा भार फेडला का, हे तपासावे लागते. २०१७ ते २०२४ या काळात पोर्श, मर्सिडीज-एएमजी, बीएमडब्ल्यू आणि बेंटली यांनी अशा ‘प्लग-इन हायब्रिड’ गाड्या आणल्या. त्यांपैकी तिघांच्या गाड्यांत हा हिशेब जमला. बीएमडब्ल्यूच्या एम५मध्ये जमला नाही, आणि तरीही ती गाडी जवळपास पूर्वीइतकीच वेगवान राहिली.

आकड्यांची विश्वासार्हता

गुणोत्तर काढण्याआधी अंश आणि छेद दोन्ही तपासून घ्यावे लागतात. जर्मनीतील डीआयएन पद्धतीत वजन करताना टाकी ९० टक्के भरलेली असते, पण चालक धरत नाहीत. युरोपीय संघाच्या पद्धतीत चालक आणि थोडे सामान मिळून ७५ किलो मिळवतात. स्पोर्ट्स कारचे काही निर्माते इंधन-तेलाशिवायचे ‘कोरडे’ वजन छापतात. वेगवेगळ्या पद्धतींची वजने शेजारी ठेवून घातलेले वाद त्यामुळे फुकट असतात, आणि मोटारप्रेमींचे निम्मे वाद याच जातीचे असतात.

हायब्रिडमध्ये शक्तीचा आकडाही तितकाच निसरडा आहे. २०२४ च्या एम५मध्ये ४.४ लिटरच्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची शक्ती ५८५ आणि मोटरची १९७ अश्वशक्ती आहे. बेरीज ७८२ होते, पण जाहीर शक्ती ७२७ आहे. इंजिनाचे आणि मोटरचे शिखर एकाच क्षणी येत नाही, म्हणून ही तूट. मर्सिडीज-एएमजी सी ६३ एस ई परफॉर्मन्समध्ये (२०२२) मात्र ४७६ आणि २०४ यांची सरळ बेरीज ६८० छापलेली आहे. तिथे मोटर मागच्या अ‍ॅक्सलवर, स्वतःच्या दोन-गती गिअरबॉक्ससह बसवली आहे. पण या २०४ अश्वशक्ती दहा सेकंदांपुरत्या आहेत. सलग मिळणारी शक्ती ७० किलोवॅट, म्हणजे सुमारे ९५ अश्वशक्ती. ओव्हरटेक करायला दहा सेकंद पुष्कळ झाले. रेसट्रॅकच्या लांबलचक सरळ पट्ट्यावर ते संपतात.

भार फेडण्याची कसोटी

हायब्रिड सामानाचा हिशेब फलंदाजाच्या सरासरीसारखा करता येतो. नव्या डावात सरासरीपेक्षा कमी धावा झाल्या, तर एकूण धावा वाढूनही सरासरी खाली येते. तसेच, वाढलेल्या प्रत्येक अश्वशक्तीमागे आलेले वजन हे जुन्या गाडीतील दर अश्वशक्तीमागच्या वजनापेक्षा कमी असेल तरच गुणोत्तर सुधारते.

पोर्श पॅनामेरा टर्बोची २०१६ मधील शक्ती ५५० अश्वशक्ती आणि वजन १,९९५ किलो होते. पुढच्याच वर्षी आलेल्या टर्बो एस ई-हायब्रिडची शक्ती ६८०, वजन २,३१० किलो. १३० अश्वशक्तीसाठी ३१५ किलो, म्हणजे एकीमागे सुमारे २.४ किलो. जुन्या गाडीत हे प्रमाण ३.६ होते. गुणोत्तर २७६ वरून २९४ वर गेले.

बेंटली फ्लाइंग स्परचा निकाल याहून चांगला आहे, पण त्याचे कारण वेगळे. तिच्या जुन्या डब्ल्यू१२ इंजिनाची शक्ती ६३५ अश्वशक्ती आणि गाडीचे वजन २,४३७ किलो होते. २०२४ च्या ‘स्पीड’मध्ये ४ लिटरचा व्ही८ आणि मोटर मिळून ७८२ अश्वशक्ती मिळतात आणि वजन २,६४६ किलो भरते. बारा सिलिंडरचे अवजड इंजिन निघाल्याने बॅटरीचा काही भार आधीच फेडलेला होता. बॅटरी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ठेवल्यामुळे नाक जड असणारी ही गाडी आता किंचित मागे झुकली आहे, आणि वळणावर हे पथ्यावरच पडते.

एएमजीने तर इंजिनच निम्मे केले. जुन्या सी ६३ एसमध्ये ४ लिटरचा व्ही८ होता, ५१० अश्वशक्तीचा. नव्या गाडीत २ लिटरची चार सिलिंडर आहेत. तरीही गाडी चारशे किलोंच्या आसपास जड झाली, पण शक्ती १७० ने वाढल्याने गुणोत्तर सुधारले. कागदावर उत्तम असलेल्या या गाडीपुढे व्ही८ च्या आवाजाचे चाहते मात्र नाक मुरडत राहिले. चार सिलिंडरच्या आवाजाला गुणोत्तराच्या सूत्रात जागा नाही. दोन-दोन कोटींच्या गाडीच्या खरेदीत ती असते.

एम५ची उलटी चाल

बीएमडब्ल्यू एम५च्या पिढ्यांतून हा आकडा दीर्घकाळ चढत गेलेला दिसतो. १९८० च्या दशकातील पहिल्या एम५ची शक्ती २८६ अश्वशक्ती होती आणि गुणोत्तर दर टनामागे २०० च्या आसपास. २००५ च्या व्ही१० गाडीत (५०७ अश्वशक्ती) ते २८९ झाले, २०११ च्या टर्बो व्ही८ मध्ये (५६० अश्वशक्ती, १,८७० किलो) २९९, आणि २०१७ च्या पिढीत (६०० अश्वशक्ती, १,८५५ किलो) ३२३. त्याच पिढीच्या शेवटी आलेल्या एम५ सीएसने ६३५ अश्वशक्ती आणि १,८२५ किलोंवर ३४८ गाठले. मग २०२४ ची हायब्रिड आली : ७२७ अश्वशक्ती, २,४३५ किलो. गुणोत्तर पुन्हा २९९. सगळी वजने डीआयएन पद्धतीची आहेत, त्यामुळे मोजमापाला दोष देता येत नाही. तेरा वर्षांची कमाई एका पिढीत गेली. १२७ अश्वशक्तीसाठी ५८० किलो वाढले. एकीमागे साडेचार किलोंहून अधिक, जेव्हा आधीच्या गाडीत ते ३.१ होते.

हे सगळे वजन बॅटरीचे नाही, हे नमूद केले पाहिजे. नवी गाडी जुनीपेक्षा १३ सेंटिमीटर लांब आहे, रुंदीतही वाढली आहे, आणि ४.४ लिटरचे व्ही८ इंजिन कायम राहिले आहे. एएमजीने जे टाकून दिले ते बीएमडब्ल्यूने ठेवले, त्यावर मोठी बॅटरीही घेतली.

तरीही ० ते १०० किमी वेग गाठायला या गाडीला ३.५ सेकंद लागतात. २०११ च्या एम५चे गुणोत्तर अगदी हेच होते, पण तिला ४.४ सेकंद लागत. जुन्या गाडीत फक्त मागची चाके ढकलायची आणि बरीचशी शक्ती टायर फिरवण्यात जायची. नव्या गाडीत चारही चाके जोर लावतात. दुसरे कारण मोटरचे. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरला दाब तयार करायला क्षणभर लागतो, ती पोकळी मोटर पहिल्या फेऱ्यापासून भरून काढते. ताशी १०० पर्यंतची वेळ ही कमाल शक्तीपेक्षा टायरच्या पकडीची परीक्षा असते, आणि पकडीच्या सीमेवर वजनाचा दंड फारसा दिसत नाही, कारण जड गाडी टायरही तितक्याच जोराने रस्त्यावर दाबते. हिशेब करून पाहता येतो : चालकासह सुमारे २,५१० किलोंची गाडी ताशी १०० च्या वेगात असताना तिच्यात जवळपास ९६८ किलोजूल गतिज ऊर्जा असते. ती ३.५ सेकंदांत भरायला सरासरी २७७ किलोवॅट पुरतात. उपलब्ध असलेल्या ५३५ किलोवॅटचा हा जेमतेम निम्मा भाग झाला.

ताशी २०० पर्यंतची वेळ अधिक बोलकी आहे. तिथे पकडीचा प्रश्न मागे पडतो आणि शक्ती-वजनाचे गणित पुढे येते. २०११ च्या गाडीला १३ सेकंद लागत, २०१७ च्या गाडीला ११.१, आणि सव्वाशेहून अधिक अश्वशक्ती जादा असलेल्या हायब्रिडला १०.९. एवढ्या सामानाने शेवटी ०.२ सेकंद वाचवले.

ब्रेक आणि टायर

वाढलेले वजन खरे वसूल होते ते थांबताना आणि वळताना. हायब्रिड एम५ त्याच वेगात आधीच्या गाडीपेक्षा ३० टक्के अधिक ऊर्जा बाळगते, आणि ब्रेक दाबल्यावर ती कुठेतरी जिरवावी लागते. मोटर जनरेटर बनून ती बॅटरीत परत भरते, हे खरे. शहरात, हलक्या ब्रेकने चालवताना बहुतेक काम तीच करते. पण ताशी २०० वरून जोरात ब्रेक लावला, तर पहिल्या क्षणी जिरवायची शक्ती १,३०० किलोवॅटच्या पुढे असते. १४५ किलोवॅटची मोटर त्यातला दहावा हिस्सा घेईल. बाकी सगळे डिस्क आणि पॅडच्या माथी, उष्णतेच्या रूपात.

टायरचा स्वभाव त्याहून अडचणीचा आहे. रबरावरचा भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही. दुपटीपेक्षा थोडी कमीच भरते. शिवाय वळताना वजन बाहेरच्या बाजूच्या चाकांवर सरकते, म्हणजे आधीच दबलेला टायर आणखी दबतो. उपाय म्हणून टायर रुंद होतात (एम५ला पुढे २८५ आणि मागे २९५ मिलिमीटरचे), मागची चाकेही किंचित वळवली जातात, सस्पेन्शन अधिक ताठ केले जाते. यातल्या प्रत्येक उपायाचेही वजन असतेच. या चक्रातून सुटण्याची एक तजवीज म्हणजे बॅटरी खाली, गाडीच्या तळाशी ठेवणे : गुरुत्वमध्य खाली आल्याने गाडी कमी झुकते आणि चालवणाऱ्याला ती आहे त्यापेक्षा हलकी भासते.

बॅटरीचा आकार कोण ठरवतो

वेगासाठी मोठी बॅटरी लागत नाही. थोड्या वेळात भरपूर वीज देणारी बॅटरी लागते. सी ६३ ची बॅटरी ६.१ किलोवॅट-तासांची, ८९ किलोंची आहे. तिच्यातील ५६० सेल वीज न वाहणाऱ्या द्रवात थेट थंड ठेवले जातात, म्हणून ती १५० किलोवॅट झटक्यात सोडू शकते. फॉर्म्युला वनमधून आलेली ही कल्पना अभियंत्याच्या दृष्टीने फार देखणी आहे. नुसत्या विजेवर मात्र ही गाडी १३ किलोमीटर जाते. एम५ची वापरता येणारी क्षमता १८.६ किलोवॅट-तास आहे आणि ती विजेवर ६९ किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. २०२४ पासूनच्या पॅनामेरा ई-हायब्रिड आणि फ्लाइंग स्पर स्पीडमध्ये बॅटरीची एकूण क्षमता २५.९ किलोवॅट-तासांवर पोचली.

ही वाढ चालकाच्या हौसेसाठी झालेली नाही. युरोपात कंपनीच्या विकलेल्या सर्व गाड्यांचे सरासरी कार्बन उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर दर गाडीमागे, दर ग्रॅमला ९५ युरो दंड बसतो. प्लग-इन हायब्रिडचे उत्सर्जन मोजताना सूत्र असे गृहीत धरते, की विजेवरचा पल्ला जितका मोठा तितका मालक गाडी विजेवर अधिक चालवील. म्हणून ७२७ अश्वशक्तीची एम५ बाजारात आली तेव्हा तिचा अधिकृत इंधनवापर १०० किलोमीटरला १.६ ते १.७ लिटर छापला गेला. बॅटरी रिकामी असताना तो दहा लिटरच्या पुढे जातो. युरोपीय आयोगाच्या मार्च २०२४ च्या अहवालात रस्त्यावरच्या प्लग-इन हायब्रिडचे खरे उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आढळले. जर्मनीत कंपनीकडून मिळणाऱ्या गाडीवरचा आयकरही पुरेसा विद्युत पल्ला असलेल्या हायब्रिडला निम्म्या दराने लागतो, आणि अशा गाड्या तिथे मोठ्या संख्येने कंपन्यांच्याच नावावर असतात. थोडक्यात, एम५च्या तळाशी असलेल्या वजनाचा मोठा भाग करनियमांनी तिथे ठेवला आहे. गंमत म्हणजे फ्रान्सने २०२२ पासून १,८०० किलोंवरच्या गाड्यांवर दर किलोला १० युरो असा वजनकर लावला, आणि ५० किलोमीटरहून अधिक पल्ल्याच्या प्लग-इन हायब्रिडना त्यातून सुरुवातीला सूट दिली.

करांचा रेटा नसलेल्या काळातील उदाहरण २००७ च्या लेक्सस एलएस ६००एच या गाडीचे आहे. तिच्यात ५ लिटरचा व्ही८ आणि मोटर मिळून ४४५ अश्वशक्ती होत्या. साध्या एलएस ४६० पेक्षा शक्ती बरीच जास्त, पण ताशी १०० गाठायला ६.३ सेकंद, साधी गाडी ५.७ सेकंदांत पोचत असे. तेव्हाच्या निकेल बॅटरीला आपला भार फेडणे जमले नव्हते.

भारतात एम५ आणि सी ६३ एस ई परफॉर्मन्स दोन्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या, शोरूमबाहेरील खर्च न धरता अनुक्रमे १.९९ आणि १.९५ कोटी रुपयांना. मर्सिडीजचा कारखाना पुण्याजवळ चाकणला असला, तरी ही गाडी पूर्ण तयार होऊन परदेशातूनच येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. म्हणजे इथल्या मालकाला गुणोत्तराचा फरक जाणवलाच तर तो पहिल्या साडेतीन सेकंदांत.

दोन यंत्रे एकत्र बाळगण्याची किंमत पूर्ण विजेवरच्या गाड्यांशी तुलना केल्यावर ठळक होते. पोर्श टायकान टर्बो जीटी ही वजन घटवणाऱ्या वायझाख पॅकेजसह २,२२० किलोंची आहे, म्हणजे एम५पेक्षा दोनशेहून अधिक किलोंनी हलकी, आणि ताशी १०० चा वेग २.२ सेकंदांत गाठते. तिने मागची आसने काढून टाकली आहेत, हे लक्षात घेतले तरी फरक मोठा उरतो.

युरोपने हायब्रिडच्या उत्सर्जनाचे सूत्र २०२५ पासून कडक केले असून २०२७ मध्ये ते आणखी कडक होईल. तितकाच विद्युत पल्ला यापुढे पूर्वीपेक्षा कमी सवलत मिळवील. निर्मात्यांपुढे दोन वाटा आहेत : आणखी मोठी बॅटरी घेऊन सवलत टिकवणे, किंवा तिचा नाद सोडून एएमजीसारखी छोटी, झटक्यात वीज देणारी बॅटरी वापरणे. पहिल्या वाटेवर गुणोत्तर घसरत जाईल, दुसरीवर दंड वाढेल.