सच्छिद्र पॉलिमरचा प्रकाश-उत्प्रेरक बनवलाय? पेपरआधी पेटंटचा अर्ज टाका

बेंझिलअमाइनपासून इमाइन, थायोअनिसोलपासून सल्फॉक्साइड या अभिक्रिया रुथेनियम-इरिडियमच्या महागड्या संयुगांऐवजी सच्छिद्र पॉलिमरची पूड आणि एलईडीच्या उजेडावर होतात. ही पूड म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक: उजेडात अभिक्रिया घडवणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ. नंतर पूड गाळून, धुऊन पुन्हा वापरता येते. असं नवं पॉलिमर हाती असेल तर पेपर-पोस्टरच्या आधी पेटंटचा अर्ज दाखल करा. शोध आधी जाहीर झाला तरी नंतर अर्ज करू देणारी, पेटंट कायद्याच्या कलम 31 ची बारा महिन्यांची सवलत मोजक्याच प्रसंगांना मिळते. तिच्या भरवशावर राहू नका.

अर्ज संशोधक स्वतः करू शकतो, किंवा त्याने हक्क लिहून दिलेली संस्था. विद्यापीठांत बहुधा संस्थाच अर्जदार असते, म्हणून आधी तिथल्या आयपीआर (बौद्धिक संपदा हक्क) सेलला विचारा. संशोधकांच्या यादीत विभागप्रमुखांचं नाव निव्वळ मान म्हणून घालायची पद्धत मात्र सोडा.

महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाकडे, ऑनलाइन. फॉर्म 1 हा अर्ज, 2 म्हणजे स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन), 3 मध्ये परदेशी अर्जांची माहिती, 5 मध्ये संशोधक कोण याची घोषणा. पेटंट एजंट असेल तर त्याला अधिकार देणारा फॉर्म 26. शैक्षणिक संस्थेने पुराव्यासह फॉर्म 28 जोडला की 8000 ऐवजी 1600 रुपये लागतात. 30 पानं आणि 10 क्लेमच्या (हक्क मागणाऱ्या मुद्द्यांच्या) पुढे जादा शुल्क.

खरी कसोटी फॉर्म 2 ची. पॉलिमर ओळखीचंच, फक्त रूप नवं असेल तर कलम 3(डी) आडवं येतं. गुण वाढल्याचे आकडे तुलनेसह द्यावे लागतात. 77 केल्विनला नायट्रोजन शोषवून काढलेलं पृष्ठफळ, घन-अवस्था एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी), अंधारातला आणि उत्प्रेरकाविना केलेला प्रयोग, पुनर्वापराच्या प्रत्येक फेरीचं उत्पादन, हे सगळं हवं. सोनोगाशिरा किंवा सुझुकी जोडणीने (पॅलेडियम वापरून रेणू जोडणाऱ्या अभिक्रियांनी) बनवलेल्या पॉलिमरच्या छिद्रांत पॅलेडियम अडकून राहतं. ते आयसीपीवर (धातूचं सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर) मोजल्याशिवाय ‘धातुमुक्त’ असा क्लेम लिहू नका, परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

आकडे अपुरे असतील तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाकून तारीख मिळवा. पूर्ण स्पेसिफिकेशनला 12 महिने मिळतात. तपासणी मात्र आपोआप होत नाही. 15 मार्च 2024 पासूनच्या अर्जांसाठी तपासणीची मागणी करणारा फॉर्म 18 प्राधान्य-तारखेपासून (शोधाचा पहिला अर्ज टाकल्याच्या तारखेपासून) 31 महिन्यांत द्यावा लागतो, नाहीतर अर्ज मागे घेतल्याचं धरलं जातं.